पाणी धरणारा जेल आणि किरणोत्सारी धातु

परंड्याकडील कोरडवाहू जमीन ज्यांनीं कसली आहे, त्यांस ओल धरून ठेवणाऱ्या पदार्थाचें महत्त्व सांगावयास नको. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें काढलेला पुसा हायड्रोजेल आपल्या वजनाच्या निदान ३५० पट शुद्ध पाणी शोषतो व तें मुळांस सावकाश देतो. अशाच जातीच्या पदार्थांकडून सांडपाण्यांतील किरणोत्सारी धातु काढून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत.

मुंबईंत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत अमिडॉक्झिम नांवाचे रासायनिक गट जोडलेल्या द्रव्यांवर काम झालें आहे. समुद्राच्या एक टन पाण्यांत युरेनियम अवघें सुमारें ३ मिलिग्रॅम. तेंहि हे गट पकडतात. पुढें आम्लानें धुतलें म्हणजे तें सुटतें.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. आम्हांस हा व्यवहार फेरफारासारखा वाटतो. फेरफारानें खातेदार बदलतो, जमीन नाहींशी होत नाहीं. तसाच धातु पाण्याच्या खात्यांतून जेलच्या खात्यांत जातो. किरणोत्सार कायम राहतो. सीझियम-१३७ निम्मा होण्यास सुमारें ३० वर्षें लागतात. सबब वापरलेला जेल बंदिस्त ठेवावाच लागतो.

शेतकरी बंधूंनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, शेतांत घालावयाचा जेल विहिरींत टाकल्यानें पाणी शुद्ध होत नाहीं. उकळल्यानेंहि युरेनियम जात नाहीं; पाणी आटून त्याचें प्रमाण मात्र वाढतें. पिण्याच्या पाण्यांत त्याची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणें लिटरास ०.०३ मिलिग्रॅम आहे. शंका आल्यास पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबूं नये.