अण्णांची पेन्शन, माझा गल्ला आणि हिशोबात कमी पडलेले दोन हजार

मागच्या व्हिडिओत मी 'उचल' खात्याबद्दल बोलले होते. मालकाने घरासाठी गल्ल्यातून पैसे काढले की ते लिहून ठेवायचे, एवढा साधा विषय. पण बॅचमधल्या एका मुलाने नंतर विचारलं, "मॅडम, उचल आपण नाही, वडील करत असतील तर? त्यांना कसं सांगायचं?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी चूकही आहे. म्हणून आज ते लिहूनच काढते.

माझं कराडात मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. वडील, म्हणजे अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आता ७१ वर्षांचे आहेत. आई दोन वर्षांपूर्वी गेली. अण्णा जुन्या घरात एकटेच राहतात आणि संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. पेन्शन ३६ हजार. एकट्या माणसाला पुरून उरेल असं कुणालाही वाटेल. पण वीस तारखेला अण्णा म्हणायचे, "जरा हजार रुपये दे गं, पहिलीला देतो." मग कळलं की त्यांनी लाखाची एफडीसुद्धा मोडलीय.

मी काय केलं? आपण बीबीए केलेलं, लोकांना कॅशफ्लो शिकवतो, त्यामुळे थेट अॅक्शन! अण्णांचं एटीएम कार्ड काढून घेतलं. "लागतील तसे माझ्याकडून घ्या." अण्णा काही बोलले नाहीत. मला वाटलं, प्रश्न मिटला.

नवरात्राच्या आधीचा आठवडा होता. नऊ रंगांची गडबड, काउंटरवर बायकांची गर्दी. रात्री गल्ला मोजला तर दोन हजार कमी. तीनदा मोजला, तरी दोन हजार कमीच. त्या दिवशी गल्ल्याला हात लावणारे दोघंच, मी आणि चार वर्षं माझ्याकडे असलेली मुलगी. मी तिला सरळ आरोप नाही केला, पण ज्या पद्धतीने विचारलं तो आरोपच होता. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. ऐन सीझनमध्ये मी एकटी. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "ते दोन हजार मी घेतले होते. एका जुन्या विद्यार्थ्याच्या पोराची फी राहिली होती. तुझ्याकडे मागायची लाज वाटली."

त्या मुलीच्या घरी जाऊन, तिच्या आईसमोर मी माफी मागितली. ती परत आली, पण काही महिने रोज रात्री गल्ला मोजताना मला जवळ उभं राहायला लावायची. बरोबरच होतं तिचं.

आता मुद्द्यावर येते. माझी चूक ही की खर्च का होतोय हे न बघता मी नळच बंद केला. दुकानात विक्री घटली तर आपण आधी वही उघडतो ना? इथे वही उघडलीच नव्हती. मग एका रविवारी अण्णांच्या शेजारी बसले, समोर नाही. पासबुक, चहा आणि सहा महिन्यांच्या नोंदी. अण्णाच वाचत होते, मी फक्त लिहीत होते.

काय निघालं? "गुरुजी, जरा अडचण आहे" म्हणत आलेल्यांना मिळून ४५ हजार. टीव्हीवर बघून मागवलेलं गुडघेदुखीचं तेल, तीन वेळा. दर महिन्याला आपोआप कापले जाणारे दोन अॅपचे पैसे, जी अॅप त्यांनी कधी उघडलीही नव्हती. मंडईत रोज चार माणसांची भाजी-फळं. का, तर भाजीवाल्या मावशी दहा मिनिटं बोलतात. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे मोडलेल्या एफडीतले ५० हजार. बँकेतल्या माणसाने "एफडीसारखंच आहे, सर" म्हणून दरवर्षी हप्ता भरायची विमा पॉलिसी गळ्यात मारली होती.

अण्णा उधळे नाहीत हो. चाळीस वर्षं पगार आईच्या हातात दिला आणि तिने दिलेल्या पैशात बसचं तिकीट नि चहा भागवला. घरखर्च म्हणजे काय, हे त्यांना कधी करावंच लागलं नव्हतं. आई गेली तेव्हा घरातली माया गेली आणि कॅशियरही गेली. हे मला दोन वर्षं सुचलं नाही.

पॉलिसीचं आधी सांगते, कारण तिथे घड्याळ चालू असतं. विमा पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण न विचारता परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. आमचा एकोणिसावा दिवस होता. विमा कंपनीला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे थोडे पैसे कापून बाकीचे परत आले. तुमच्या घरात असा नवा कागद आला असेल तर हा लेख नंतर वाचा, आधी तारीख बघा. अॅपची आपोआप कपात बंद करणं सोपं होतं. यूपीआय अॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, तिथून रद्द केली.

महिन्याच्या खर्चाचं काय करायचं, हे मी ठरवलं नाही. अण्णांना विचारलं, "आई कसं करायची?" ते उठले आणि कपाटातून तिचा डबा आणला. आत पाकिटं. दूध, किराणा, औषध, देव, पाहुणे. प्रत्येकावर तिच्या अक्षरात आकडा. आम्ही दोघंही जरा वेळ गप्प होतो. मग तीच पद्धत बँकेत बसवली. पेन्शनचं खातं वेगळं, त्याला यूपीआय नाही आणि त्याचं कार्ड कपाटात. दुसरं बचत खातं खर्चाचं. दर महिन्याच्या ३ तारखेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने १६ हजार त्यात येतात आणि फोनमधलं यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेलं. आठ हजार आरडीत जातात. उरलेल्या बारा हजारांत औषधं, लाइट बिल, कामवाल्या ताई आणि थोडी शिल्लक. कार्ड अण्णांना परत दिलं, खर्चाच्या खात्याचं. पिन आणि ओटीपी मलाही सांगायचा नाही, असा नियम त्यांनीच केला. मला आधी जरा लागलं, पण तोच योग्य आहे. मुलीला सांगायची सवय झाली की उद्या फोनवरच्या 'बँक मॅनेजर'लाही सांगितला जातो. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर त्यांच्या फोनच्या कव्हरवर चिकटवलाय.

विद्यार्थ्यांना मदत बंद करा, असं मी म्हटलं नाही. तो त्यांचा मान आहे. १६ हजारांतलं दोन हजारांचं 'मदत' पाकीट ठरलं. कुणी मागितलं तर "मुलीला विचारून सांगतो" हे वाक्य त्यांना मान्यच नव्हतं. "या महिन्याचं मदतीचं पाकीट संपलं, पुढच्या महिन्यात बघू" हे मात्र ते बिनदिक्कत म्हणतात.

ग्रॅच्युइटीतले सहा लाख बचत खात्यात पडून होते, म्हणजे मागणाऱ्यांना आमंत्रणच. ते पोस्टात सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाकले. वय ६० च्या पुढे, मुदत पाच वर्षं, मर्यादा ३० लाख, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. आम्हाला ८.२ टक्के दर मिळाला, म्हणजे तिमाहीला १२,३०० रुपये. खातं उघडताना असलेला दर मुदतभर राहतो. मधेच मोडलं तर रक्कम कापली जाते, आणि आमच्यासाठी तोच फायदा होता. एक लक्षात घ्या, यात जॉइंट नाव फक्त नवरा-बायकोचं चालतं, मुलामुलींचं नाही. आमचं फक्त नॉमिनेशन आहे. पुण्याच्या दादाला फोनवर ठेवूनच हे सगळं केलं. भावंडांना न सांगता आई-वडिलांच्या पैशाला हात लावू नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

मध्ये एकदा दूधवाल्याला महिन्याचं बिल दोनदा दिलं गेलं. तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. एखादा खर्च जास्त होणं वेगळं आणि तेच बिल पुन्हा भरणं, सुट्टे पैसे न मोजता येणं, नोटा कुठे ठेवल्या ते सारखं विसरणं वेगळं. पैशाचा व्यवहार अडखळणं ही कधी कधी स्मरणशक्ती कमी होत असल्याची सुरुवातीची खूण असते, आणि त्यावर बजेट हा उपाय नाही. अण्णांच्या बाबतीत सध्या काळजीचं काही निघालं नाही.

आणि दुकानाचं? तीन हजारांच्या वरची कुठलीही खरेदी दोन दिवस थांबून, एकमेकांना सांगून करायची, असं मी अण्णांना सुचवलं. ते म्हणाले, "दोघांना लागू." मी हो म्हटलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझा माल तपासला आणि वरच्या फळीवरची १४ हजारांची टिकली लेस खाली काढली. सुरतच्या व्यापाऱ्याने फोनवर फोटो पाठवला नि मी तासाभरात ऑर्डर दिली होती. वर्षात चार मीटरही खपली नव्हती. "माझं तेल साडेचार हजारांचं होतं," एवढंच बोलले.

आता चार ते सहा गल्ल्यावर अण्णा बसतात. कोणीही पैसे काढले, मीसुद्धा, तरी तारीख टाकून चिठ्ठी ठेवायची. शिक्षकाचं अक्षर, त्यामुळे माझ्या उचल खात्याची नोंद इतकी स्वच्छ कधीच नव्हती. परवा रात्री ती मुलगी गल्ला मोजत होती. पंचवीस रुपये कमी. तिने तळाची चिठ्ठी काढून मला वाचून दाखवली, "भजी, रु. २५. पथ्य मोडले, मुलीस सांगू नये."