शब्द एक, अर्थ अनेक : 'चेक'

'चेक' हा शब्द बँकेत दिवसभर कानी पडतो. त्याचे मूळ मात्र बुद्धिबळाच्या पटावर आहे. फारसीत 'शाह' म्हणजे राजा. राजावरील संकटाचा हा इशारा फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन 'चेक' झाला. आपला 'शह' हे त्याचेच भावंड. राजाला रोखण्यावरून आळा घालणे, पुढे पडताळून पाहणे हे अर्थ आले. पटावरील घरांवरून चौकडीचे कापड 'चेक्स' ठरले. बनावटगिरी पडताळण्यासाठी ठेवलेल्या स्थळप्रतीवरून धनादेशालाही हेच नाव मिळाले.

म्हणून धनादेश स्वीकारताना दिनांक, अंकी व अक्षरी रक्कम आणि सही अवश्य 'चेक' करावी. १ एप्रिल २०१२ पासून त्याची मुदत सहाऐवजी तीनच महिने आहे. ती उलटल्यास नवा धनादेश मागून घ्यावा!