जुनी वस्ती ऐतिहासिक केव्हां ठरते?

एखादें घर शंभर वर्षांचें झालें म्हणजे तें आपोआप ऐतिहासिक झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी मानली तर मुंबईतील कितीतरी गळक्या चाळी एका दिवसांत इतिहासजमा कराव्या लागतील! उलट, ज्या घरांत कोणी राजा किंवा पुढारी राहिला नाहीं त्याला इतिहास कसला, असेंहि कांहीं जण विचारतात. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. त्यांतून एकट्या इमारतीचा नव्हे तर संबंध आळीचा किंवा वाडीचा निर्णय करावयाचा असला म्हणजे प्रश्न फारच नाजूक होतो. कारण लेणीं ओस असतात, पण वाडींत माणसें राहतात, त्यांच्या घरीं लग्नकार्यें होतात आणि त्यांचीं छपरें पावसाळ्यांत गळतात.

अमेरिकेंत या प्रश्नाला कायद्याचें रूप प्रथम चार्लस्टन शहरीं आलें. मोटारी वाढल्या आणि पेट्रोल विकण्याच्या ठाण्यांसाठीं तेथील जुनीं घरें पडूं लागलीं. तेव्हां १९३१ सालीं नगरसभेनें शहराचा एक भाग आंखून घेतला आणि त्यांतील घरांच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या अंगांत फेरफार करण्यापूर्वीं एका मंडळाची संमति घ्यावी असा नियम केला. पुढें १९६६ च्या कायद्यानें त्या देशांत ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सिद्ध झाली. तींत नांव येण्यासाठीं वस्तीला चार प्रश्न विचारतात. येथें इतिहासांतील कांहीं महत्त्वाची घडामोड झाली काय? येथें कोणा थोर व्यक्तीचें कार्य घडलें काय? येथील बांधणी एखाद्या काळाचा किंवा शैलीचा स्पष्ट नमुना आहे काय? येथून इतिहासाविषयीं नवी माहिती मिळण्यासारखी आहे काय? यांपैकीं एकाचें उत्तर होकारार्थीं आलें तरी पुरतें. वय साधारणतः पन्नास वर्षांचें असावें, एवढीच वयाची अट आहे.

आतां हे प्रश्न आपल्या परिचयाच्या एका वस्तीला विचारून पाहूं. गिरगांवांतील खोताची वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस वसली. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांनीं आपली जमीन तुकड्यातुकड्यांनीं ख्रिस्ती कुटुंबांना दिली. हीं कुटुंबें मूळचीं याच किनाऱ्यावरचीं व मराठी बोलणारीं. गोवा व मंगळूर येथून आलेल्या धर्मबंधूंहून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून त्यांनीं १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. त्यांचीं घरें लांकडी सांगाड्याचीं व कौलारू असून पुढें व्हरांडा, वर कोरीव कठड्यांची गॅलरी आणि बाहेरून चढणारा जिना अशी त्यांची ठेवण आहे. पोर्तुगीज वळण आणि कोंकणी पावसाची गरज यांचा येथें मेळ झालेला दिसतो. तेव्हां चार प्रश्नांपैकीं तिसऱ्याचें उत्तर निःसंशय होकारार्थीं येतें. आणि एका समाजाच्या घडणीचा इतिहास येथें वसत असल्यामुळें पहिल्याचेंहि तसेंच येतें, असें मला वाटतें. थोर पुरुषाचा शोध घेण्याची गरजच पडत नाहीं.

परंतु येथें अर्धेंच काम झालें. महत्त्व होतें हें सिद्ध झालें. तें अद्याप दिसतें कीं नाहीं, हें पाहावयाचें राहिलें. त्यासाठीं सात गोष्टी पाहतात: स्थान, रचना, भोंवतालचा परिसर, साहित्य, कारागिरी, त्या काळाचा भाव आणि मूळ इतिहासाशीं असलेला संबंध. कौलें जाऊन पत्रा आला तर साहित्य गेलें, पण रचना राहिली. गॅलरी कांचेनें बंद केली तर पुष्कळ वेळां ती पुन्हा उघडतां येते, म्हणून तो दोष सौम्य मानावा. मात्र दोन बैठ्या घरांमध्यें उंच इमारत उभी राहिली म्हणजे त्या दोघांना कोणी हात न लावतांहि त्यांचा परिसर नाहींसा होतो. माझ्या मतें वस्तीचा जीव याच घावानें जातो, आणि कागदावर घरें मोजणाराच्या तो लक्षांतहि येत नाहीं.

मोजावें मात्र लागतेंच. परीक्षक वस्तीचा नकाशा घेऊन घरोघर हिंडतो आणि प्रत्येक वास्तूवर खूण करतो: ही वस्तीच्या इतिहासांत भर घालते, ही घालीत नाहीं. सामान्यतः भर घालणाऱ्या वास्तूंचें प्रमाण बरेंच अधिक असावें लागतें. खोताच्या वाडींत एके काळीं सुमारें ६५ जुनीं घरें होतीं असें सांगतात; आज निम्मींहि राहिलीं नाहींत. मग वाडी नापास झाली काय? तसें नाहीं. सीमा कोठें आंखावी हा प्रश्न अशा वेळीं निर्णायक ठरतो. जेथें जुनीं घरें सलग उभीं आहेत तेवढाच गाभा घेतला तर वाडी उत्तीर्ण होते. सबंध गिरगांव घेतलें तर हिशेब बिघडतो. पण सीमा सोयीप्रमाणें नागमोडी ओढून नवीं घरें तेवढीं बाहेर ठेवणें हाहि अप्रामाणिकपणाच होय. शिवाय गिरगांवांतच केशवजी नाईकांची चाळ आहे, जेथें १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तिचा इतिहास मोठा आहे, पण तो वेगळा आहे. तिची नोंद स्वतंत्र व्हावी हेंच योग्य.

आतां रहिवाशांकडे वळूं. मुंबईत १९९५ सालीं वारसा-नियम झाले. त्यांत इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या आणि संबंध परिसरांनाहि स्थान मिळालें. २०१२ सालीं नवी यादी प्रसिद्ध झाली, तेव्हां शिवाजी पार्कच्या अनेक रहिवाशांनीं तिला कसून विरोध केला. त्यांना हेकट म्हणणें सोपें आहे. परंतु ज्या घराचें भाडें दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून गोठलेलें आहे, त्याच्या मालकानें सागवानी कठडा कोणत्या पैशांतून दुरुस्त करावा? त्यासाठींच १९९५ च्या नियमांत, बांधकामाचा जो हक्क जुन्या जागीं वापरतां येत नाहीं तो अन्यत्र वापरूं देण्याची तरतूद केली होती. उलट, ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह येथील १९३० नंतरच्या निवासी इमारतींसाठीं रहिवाशांच्या मंडळांनीं स्वतः खटपट केली, आणि २०१८ सालीं त्या परिसराचा, एकंदर ९४ इमारतींसह, युनेस्कोच्या जागतिक वारसायादींत समावेश झाला. अमेरिकेंत तर बहुसंख्य खासगी मालकांनीं लेखी हरकत घेतल्यास वस्तीची राष्ट्रीय नोंद होतच नाहीं. आणि झालेली नोंदहि मालकाला स्वतःच्या खर्चानें घर पाडण्यापासून अडवीत नाहीं. तें काम चार्लस्टनसारख्या स्थानिक नियमांचें.

विद्यार्थ्यांना ही परीक्षा सुटींत स्वतःच्या आळीवर करून पाहतां येईल. वही घेऊन आळीचा नकाशा काढावा, प्रत्येक घराला क्रमांक द्यावा आणि जिना, छप्पर, खिडक्या व ओटा यांत काय जुनें व काय बदललेलें तें लिहावें. घर केव्हां बांधलें हें जुन्या घरपट्टीच्या पावत्यांवरून कधीं कधीं समजतें. आळींतील आजीबाईंना विचारल्यास पुष्कळदां त्याहूनहि लौकर समजतें. मात्र त्यांचें सांगणें पावतीशीं ताडून पाहावें, आणि कोणाच्या घरांत पाऊल टाकण्यापूर्वीं परवानगी मागावी.