गाडीला गाडी लागली? ‘मिटवून टाका’ म्हणण्याआधी हे वाचा

“कुणाला लागलं नाही ना? मग मिटवून टाका!”

रस्त्यात गाडीला गाडी लागली की जमलेल्या गर्दीतून हेच वाक्य पहिले निघते. कुणाला लागले नाही, ही समाधानाचीच गोष्ट आहे. पण ज्याच्या गाडीचा मागचा दरवाजा आत गेला, ज्याचे चार दिवसांचे भाडे बुडाले आणि ज्याचा बँकेचा हप्ता मात्र एक दिवसही थांबत नाही, त्याचे काय मिटले? मिटले ते धडक देणाऱ्याचे!

खालापूर-कर्जत भागात हा प्रश्न घरोघरचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपल्या तालुक्यातूनच जातो. पण त्या रस्त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे. म्हणून आपली मोटारसायकल, आपली रिक्षा धावते ती जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, खोपोली-कर्जत आणि कर्जत-चौक रस्त्यावर. ट्रक, कंटेनर आणि शनिवार-रविवारच्या सहलीच्या मोटारींच्या गर्दीत. कारखान्यात पुरेसे काम उरले नाही म्हणून आपल्या कितीतरी तरुणांनी कर्ज काढून रिक्षा किंवा इको घेतली आहे. त्या गाडीवर सारे घर चालते. तेव्हा गाडीचा पत्रा चेपला म्हणजे घरचा तवाच चेपला असे समजा.

म्हणून आज आमच्या बंधू-भगिनींना एकच गोष्ट सांगायची आहे. धडक देणाऱ्याच्या गाडीचा जो विमा असतो, तो कायद्याने तुमच्यासाठीच उतरवलेला असतो. ती त्याची मेहेरबानी नव्हे, तुमचा हक्क आहे. मात्र हा हक्क तोंडाने मिळत नाही, कागदाने मिळतो.

थर्ड पार्टी म्हणजे कोण?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हा गुन्हा पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा केल्यास ४,००० रुपये दंडाचा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा पक्ष कंपनी आणि तिसरा पक्ष म्हणजे त्या गाडीने ज्याचे नुकसान केले तो. म्हणजे तुम्ही!

आपल्यातले बरेच जण पैसे वाचवण्यासाठी फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. १५० सीसीपर्यंतच्या नेहमीच्या मोटारसायकलला २०२२ च्या सरकारी दराने तो ७१४ रुपयांत होतो. पण या विम्यातून आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला एक पैसाही मिळत नाही. तो मिळतो ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात त्यातून. तेव्हा ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे, त्याला मागून कुणी ठोकले तर समोरच्याचा विमा हाच एकमेव आधार उरतो. आणि नेमका तोच माणूस पाचशे-हजार रुपये घेऊन धडक देणाऱ्याला सोडून देतो!

पहिली पंधरा मिनिटे

समजा, आपला एक भाऊ खोपोलीहून कर्जतकडे इको घेऊन निघाला आहे. गतिरोधकाजवळ त्याने वेग कमी केला आणि मागून आलेल्या मोठ्या मोटारीने ठोकले. मोटारीतले साहेब खाली उतरतात आणि म्हणतात, “तूच मध्येच ब्रेक मारलास!” अशा वेळी हमरीतुमरीवर येऊ नका. आवाज चढवणाऱ्याच्या बाजूने गर्दी जाते, पण विमा कंपनी गर्दीला विचारत नाही. ती पुरावा विचारते.

आधी माणसे पाहा, मग गाडी. कुणाला मार लागला असेल तर त्याला दवाखान्यात पोहोचवणे हे पहिले काम. नंतर गाड्या हलवण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही गाड्या, दोन्ही नंबरप्लेट, चेपलेला भाग, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा आणि जवळचे एखादे दुकान, मैलाचा दगड किंवा पाटी त्यात आली पाहिजे. समोरच्या चालकाचे नाव, लायसन्स, आर.सी. आणि विम्याच्या कागदाचा फोटो मागा. देत नसेल तर गाडीचा क्रमांक पुरे. त्या क्रमांकावरून विम्याची मुदत सरकारच्या ‘एमपरिवहन’ सेवेत पाहता येते. शिवाय कलम १६० प्रमाणे भरपाई मागणाऱ्याला गाडीची आणि विम्याची माहिती देणे पोलीस व आर.टी.ओ. यांच्यावर बंधनकारक आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोघांची नावे आणि फोन लिहून घ्या. पानाच्या टपरीवाल्याची साक्षही साक्षच असते.

मग येतात त्या दोन हजारांच्या नोटा. “दादा, पोलीस-बिलीस कशाला? हे ठेवा आणि विषय संपवा.” विषय कधी संपवायचा हे तुम्ही ठरवा. टेललाईट फुटली आणि तेवढ्यात भागत असेल तर पैसे घेऊन मोकळे होण्यात काही गैर नाही. पण आतल्या पत्र्याचा किती खर्च आहे हे गॅरेजवाल्याने सांगितल्याशिवाय ‘संपूर्ण भरपाई मिळाली, माझी तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका. ती सही तुमची पुढची वाट बंद करते. तडजोड करायचीच तर गॅरेजचा अंदाज घेऊन, तारीख, गाडी क्रमांक आणि रक्कम लिहून, दोघांच्या सह्यांनी करा.

तडजोड होत नसेल, किंवा कुणालाही मार लागला असेल, तर ज्या हद्दीत अपघात झाला त्या ठाण्यात त्याच दिवशी जा. खालापूर, खोपोली, कर्जत कुठेही असो, तक्रार लेखी द्या. बेदरकारपणे गाडी चालवणे हा २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली दखलपात्र गुन्हा आहे. एफ.आय.आर.ची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते.

आपला विमा वापरावा का?

आपला विमा ‘फुल’ असेल तर आपल्याच कंपनीकडे क्लेम करता येतो, चूक समोरच्याची असली तरी. कंपन्यांचे लोकही हेच सुचवतात, कारण आपापल्या ग्राहकाचे नुकसान आपणच भरायचे, असा कंपन्या-कंपन्यांतला ‘नॉक फॉर नॉक’ करार असतो. ही वाट लवकर संपते, पण फुकटची नाही. एक हिशेब मांडून पाहू.

सहा-सात वर्षे जुनी, १,५०० सीसीच्या आतली घरगुती मोटार धरा. गॅरेजचे बिल १८,००० रुपये. त्यात प्लास्टिकचा बंपर ४,००० आणि टेललाईट २,०००. प्लास्टिकवर निम्मी कपात, म्हणून हाती ३,०००. पत्र्याचा दरवाजा ८,०००. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के कपात, म्हणून ४,८००. मजुरी २,००० पूर्ण मिळते. रंगकाम २,०००, त्यातला पाव भाग रंगाचा धरून त्यावर निम्मी कपात, म्हणजे १,७५०. एकूण ११,५५०. त्यातून ठरलेले १,००० रुपये मालकाने सोसायचे. हातात आले १०,५५०, आणि खिशातून गेले ७,४५०.

शिवाय ‘नो क्लेम बोनस’ जातो. पाच वर्षे क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सूट असते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. मूळ हप्ता ३,००० धरला तर पाच वर्षांत ३,७५० रुपये जास्त भरावे लागतील. म्हणजे १८,००० च्या बिलाला क्लेम परवडतो. चार-पाच हजारांच्या बिलाला बहुधा परवडत नाही. गॅरेजवाल्याबरोबर बसून हा हिशेब करा, मगच फॉर्म भरा.

क्लेम करायचा ठरला तर कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी उघडू नका. आणि ‘भिंतीला लागली असं लिहा, लवकर पास होईल’ असे कुणी सांगितले तर ऐकू नका. खोटे लिहिलेला क्लेम नाकारायला कंपनीला कारणच मिळते. आपल्या कंपनीने अन्याय केला तर तिच्याकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत फुकट तक्रार करता येते.

समोरच्याच्या विम्याची वाट

ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे, किंवा ज्याला कपातीत गेलेली रक्कम हवी आहे, त्याने समोरचा चालक, मालक आणि त्यांची विमा कंपनी यांच्याकडे लेखी मागणी करावी. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत, पण जे मिळाले नाहीत ते मागता येतात. मागणी मान्य झाली नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. रायगड जिल्ह्यासाठी ते अलिबागला जिल्हा न्यायालयात आहे. अपघात जिथे झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे, कुठेही दावा दाखल करता येतो. म्हणजे मुंबईत राहणाऱ्याला खालापुरातल्या अपघातासाठी मुंबईतही दावा करता येतो. मोटार किंवा ट्रकने मालमत्तेचे नुकसान केले तर विम्याची नेहमीची मर्यादा साडेसात लाख रुपये आहे. दुचाकीने केले तर एक लाख.

मुदत मात्र लक्षात ठेवा. १९९४ साली दाव्याच्या मुदतीची अट काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा करायला सांगितले. ‘पावसाळा संपला की बघू’ म्हणणाऱ्याचे सहा महिने बघता बघता जातात.

समोरच्या चालकाकडे लायसन्सच नव्हते म्हणून आपले पैसे बुडाले असे समजू नका. स्वर्ण सिंह खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा वेळीही कंपनीला आधी नुकसानग्रस्ताला पैसे द्यायला लावून, मग मालकाकडून वसूल करायला सांगता येते.

वकिलाच्या फीचे काय? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही त्यात स्थान मिळाले. जातीचा दाखला घेऊन तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अशी छोटी प्रकरणे लोकअदालतीत एका बैठकीतही मिटू शकतात, आणि तिथे कोर्ट फी लागत नाही.

एका आईने सोडले नाही

“एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आपलं काय चालणार?” असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ऐकावी. आपल्या खालापुरावरून जाणारा जुना महामार्ग पुण्याहून पुढे साताऱ्याकडे जातो. त्याच रस्त्यावर सातारा जिल्ह्यात २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर कडेला आडवा झाला, पेट्रोल सांडले आणि सुमारे चार तासांनी भडका उडाला. जमलेली माणसे होरपळली, काही दगावली. टक्कर पहाटेची आणि आग सकाळची, तेव्हा आगीचा गाडीच्या वापराशी संबंध काय, असा युक्तिवाद झाला. न्यायाधिकरणाने एका मृताच्या आईची मागणी फेटाळली. तिने ती सोडली नाही. उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. त्या एका बाईच्या चिकाटीने पुढच्या कितीतरी कुटुंबांची वाट मोकळी झाली.

शेवटी दोन गोष्टी. किरकोळ धडकेतही मान-कंबर दुसऱ्या दिवशी धरते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि चिठ्ठी जपून ठेवा. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. आणि लग्नाला किंवा चैत्यभूमीला जाताना मालाच्या टेम्पोत बायका-मुले बसवू नका. मालगाडीतून फुकट नेलेल्या माणसांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात सांगितले आहे.

आमचे सांगणे एवढेच: आज संध्याकाळी आपल्या गाडीचा विम्याचा कागद बाहेर काढा. मुदत कधी संपते, विमा फुल आहे की फक्त थर्ड पार्टी, हे घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. त्याची एक प्रत गाडीत ठेवा, एक घरात. उद्या कुणी “मिटवून टाका” म्हणाले, तर काय मिटवायचे आणि काय नाही, हे तुम्हाला माहीत असेल.