फोटो नेता येतो, मेहनत नाही

फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअर दोन निरनिराळ्या कामांसाठी जन्माला आली आणि हौशी छायाचित्रकाराची निवड फसते ती बहुधा या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे. पहिले काम एकाच फोटोवर बसून करायच्या डागडुजीचे. थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी घडवलेले फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आले ते त्यासाठी. १९९४ साली त्यात लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले थर, आले आणि फोटोतून गेलेली विजेची तार पुसणे, दोन फोटो एकमेकांत मिसळणे, त्यावर मजकूर टाकणे सोपे झाले. दुसरे काम ढिगाचे. सहलीवरून परतल्यावर कार्डावर चारशे फोटो असतात. ते उतरवून घ्यायचे, बरे तेवढे निवडायचे, उजेड आणि रंग जागेवर आणायचे आणि दोन वर्षांनी हवा तो फोटो सापडेल अशी सोय करून ठेवायची. ॲपलचे ॲपर्चर २००५ मध्ये आणि ॲडोबीचे लाइटरूम २००७ मध्ये आले ते या ढिगासाठी. हौशी माणसाचे बहुतेक काम दुसऱ्या प्रकारचे असते. तरीही तो सुरुवात करतो ती फोटोशॉपपासून, कारण नाव तेवढेच ऐकलेले असते.

दोन्हींच्या कामाची रीतही वेगळी आहे. फोटोशॉपसारखे सॉफ्टवेअर मुळात फोटोतले ठिपके, म्हणजे पिक्सेल, बदलते. लाइटरूमच्या जातीचे सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही. ‘उजेड इतका वाढवा, डावीकडून इतके कापा’ अशा सूचना तेवढ्या लिहून ठेवते आणि त्या लावून फोटो पडद्यावर दाखवते. अंतिम प्रत बाहेर काढायची, म्हणजे एक्स्पोर्ट करायची वेळ येते तेव्हा मूळ फाइल आणि सूचना मिळून नवा जेपेग तयार होतो. त्यामुळे पाच वर्षांनीही केलेले सगळे काम पुसून पहिल्यापासून बसता येते.

या रीतीचा पुरेपूर फायदा रॉ फाइलमध्ये मिळतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, उजेड कमी की जास्त एवढेच कळते. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या चौकोनांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी तिचे पेटंट १९७६ मध्ये मिळवले. तीत निम्मे चौकोन हिरवे आणि उरलेले लाल-निळे असतात. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग ठाऊक असतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. जेपेग काढताना हे अंदाज कॅमेरा स्वतः बांधतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. रॉमध्ये ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलेले असते. म्हणून एकच रॉ फाइल तीन सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर तीन तऱ्हांची दिसते आणि त्यातले कुठलेच ‘खोटे’ नसते. आकड्यांतला फरकही मोठा आहे. जेपेगमध्ये दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

एक उदाहरण घेऊ. ऑगस्टमधली सकाळ, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. आकाश पांढरेफटक आले आहे आणि कड्याचा कातळ काळाठिक्कर. रॉ फाइल उघडल्यावर आधी हिस्टोग्राम पाहायचा, म्हणजे उजेडाचा आलेख उजव्या भिंतीला चिकटला आहे का ते कळते. मग व्हाइट बॅलन्स. ढगाळ हवेतला निळसरपणा काढला की गवताचा हिरवा रंग जागेवर येतो. हायलाइट्स खाली आणले की पांढऱ्या पट्ट्यातून ढगांचे थर सुटे होऊ लागतात. तिन्ही रंगांत कोरे झालेले पांढरे मात्र रॉमध्येही परत येत नाही. शॅडोज वर घेतले की कातळातल्या भेगा दिसतात आणि त्यांच्यासोबत नॉइजची खरखरही. ती थोडी दाबायची, पुरती घालवायची नाही, नाहीतर दगड मेणाचा दिसतो. शेवटी फक्त आकाशापुरता मास्क, सेन्सरवरच्या धुळीचा डाग पुसणे, क्षितिज सरळ करणे. याला फार तर दहा मिनिटे लागतात आणि लेयरची गरज कुठेच पडत नाही. सॉफ्टवेअर पारखायचे ते ही साधी कामे किती सुखाने होतात यावर. जाहिरातीतली आकाश बदलण्याची जादू कोकणकड्याला काही उपयोगाची नाही.

जे मोबाइलवर किंवा फक्त जेपेगमध्ये फोटो काढतात त्यांच्यासाठी ही चर्चा इथेच संपते. गुगलचे फुकट मिळणारे स्नॅपसीड किंवा फोनमधले अंगचे एडिटर त्यांना पुष्कळ झाले.

बाकीच्यांनी विचारायचा मुख्य प्रश्न वेगळा आहे आणि तोच सहसा कुणी विचारत नाही: केलेले काम साठते कुठे? मूळ लाइटरूम, म्हणजे आताचे लाइटरूम क्लासिक, आपल्या सूचना ‘कॅटलॉग’ नावाच्या एका डेटाबेसमध्ये ठेवते. ही ग्रंथालयातली सूची समजावी. पुस्तके कपाटातच असतात, कुठले कुठे आहे ते सूचीत लिहिलेले असते. फोल्डर सॉफ्टवेअरच्या बाहेरून हलवले की सूची गोंधळते आणि फोल्डरांवर प्रश्नचिन्हे उमटतात. नवशिक्यांची निम्मी रडगाणी याच एका गोष्टीची असतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी सूचनांची फाइल ठेवतात, त्यामुळे फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर नेले तरी काम सोबत जाते. लाइटरूममध्येही अशा एक्सएमपी फाइल लिहिण्याची सोय आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

तरीही एका सॉफ्टवेअरच्या सूचना दुसऱ्याला कळतात असे समजू नये. तारे, कीवर्ड, शीर्षके बऱ्यापैकी पलीकडे पोचतात. उजेड-रंगाची कलाकुसर बहुतांशी पोचत नाही, कारण प्रत्येकाचे गणित वेगळे. सॉफ्टवेअर बदलताना फोटो जसेच्या तसे येतात आणि त्यांवरची मेहनत मागे राहते. ही भीती काल्पनिक नाही. ॲपर्चरचा विकास थांबवत असल्याचे ॲपलने २०१४ मध्ये जाहीर केले आणि २०१९ च्या मॅक प्रणालीवर ते चालेनासे झाले. गुगलने २००४ मध्ये घेतलेले पिकासा तर आपल्याकडे घरोघरी होते. २०१६ मध्ये त्याचाही कारभार आटोपला. पिकासात उजळलेले फोटो ज्यांनी वेगळे सेव्ह केले नव्हते, त्यांच्या दुरुस्त्या प्रत्येक फोल्डरातल्या एका लपलेल्या फाइलीत पडून राहिल्या. निक कलेक्शन या फिल्टरसंचाचे नशीब जरा बरे. २०१२ मध्ये गुगलकडे, २०१६ मध्ये फुकट, २०१७ मध्ये फ्रान्सच्या डीएक्सओकडे आणि तिथे पुन्हा विकत.

पैशांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. ॲडोबीने २०१३ मध्ये एकदाच विकत घ्यायची पद्धत मोडीत काढायला सुरुवात केली. कायमच्या परवान्याचे शेवटचे लाइटरूम २०१५ चे, म्हणजे लाइटरूम ६. आता वर्गणी भरावी लागते. ती थांबली तर लाइटरूम क्लासिक उघडते, फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, पण डेव्हलप आणि मॅप हे विभाग बंद होतात. म्हणजे जुने काम हाती राहते, पुढचे अडते. हे पुष्कळांना वाटते तितके जाचक नाही. तरी वर्षाला चार वेळा कॅमेरा बाहेर काढणाऱ्याने बाराही महिने वर्गणी भरण्यात काही शहाणपण नाही. दर आठवड्याला शेकडो फोटो हाताळणाऱ्याची गोष्ट निराळी: शिकवणारे व्हिडिओ, पुस्तके, अडल्यास सांगणारे मित्र हे सगळे लाइटरूमभोवतीच जमलेले आहे आणि ही सोय सॉफ्टवेअरच्या यादीत कुठे लिहिलेली नसते.

डेन्मार्कचे कॅप्चर वन रंगांच्या बारीक हाताळणीसाठी व्यावसायिकांत नावाजलेले आहे. हौसेसाठी ते महागच. डीएक्सओचे फोटोलॅब लेन्सचे दोष प्रयोगशाळेत मोजून दुरुस्त करते. २०२० पासून त्यात आलेली डीपप्राइम ही नॉइज काढण्याची पद्धत रात्रीचे किंवा जंगलातले फोटो काढणाऱ्यांनी एकदा पाहावी अशी आहे. ब्रिटनमधल्या सेरिफ कंपनीचे ॲफिनिटी फोटो २०१५ मध्ये फोटोशॉपला पर्याय म्हणून आले. कॅनव्हाने २०२४ मध्ये ते घेतले आणि पुढच्याच वर्षी फुकट केले. डागडुजीच्या कामाला ते उत्तम आहे, ढिगाच्या कामाला नाही.

फुकटातले पर्याय आता हिणवण्यासारखे राहिलेले नाहीत. डार्कटेबल २००९ पासून आहे आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोजवरही चालते. त्यात पहिल्यांदा उघडलेला फोटो फिका, निर्जीव वाटतो आणि निम्मे लोक तिथेच परत फिरतात. तो फिकेपणा दोष नाही. कॅमेऱ्याने आपणहून लावलेला मसाला तिथे गळालेला असतो. मात्र त्यातले विभाग समजून घ्यायला महिना-दोन महिने द्यावे लागतात. ज्याला उजेड आणि रंग यांचे गणित आवडते त्याला ते रुचेल. ज्याला संध्याकाळी अर्ध्या तासात फोटो पाठवून मोकळे व्हायचे आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. रॉथेरपी तुलनेने सरळ आहे. १९९५ मध्ये सुरू झालेले गिम्प फोटोशॉपच्या कुळातले. रॉ फाइल दिली तर ते ती डार्कटेबलकडे किंवा रॉथेरपीकडे पाठवते. मार्च २०२५ मधल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत फिल्टर लावल्यावरही मागाहून बदलता येतात. पूर्वी ते येत नसत आणि ही कमतरता फार वर्षे जाचत होती.

कॅमेरा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर सहसा विसरली जातात. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ फुकट मिळतात आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला तोच रंग देतात. फुजीफिल्मचे एक्स रॉ स्टुडिओ तर कॅमेरा केबलने जोडून त्याच्याच प्रोसेसरकडून रॉवर काम करवून घेते. ही सॉफ्टवेअर धिमी आहेत आणि कॅमेऱ्याची कंपनी बदलली की निरुपयोगी. पण रॉ म्हणजे काय हे कळण्यासाठी पहिले सहा महिने यांच्यावर काढायला हरकत नाही.

‘एकदाच विकत घेतले’ या समाधानातही एक मेख आहे. प्रत्येक नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ओळखायला सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लागते. लाइटरूम ६ ला डिसेंबर २०१७ नंतर भर पडली नाही, त्यामुळे पुढचे कॅमेरे त्याला अनोळखी. पळवाट एकच, ॲडोबीच्या फुकट कन्व्हर्टरने रॉचे डीएनजी करून घ्यायचे. ही खुली फाइलपद्धत ॲडोबीने २००४ मध्ये आणली. कॅमेरा बदलायचा बेत असेल तर त्याचे नाव सॉफ्टवेअरच्या यादीत आहे ना, हे आधी पाहावे.

संगणकाचा हिशेबही करावा. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की स्मृतीत सुमारे १४४ मेगाबाइट जागा घेतो आणि तेवढ्याच आकाराचा प्रत्येक नवा लेयर आणखी तितकीच. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर काम होते, पण रखडत. एआयने नॉइज काढणाऱ्या सुविधांना बरे ग्राफिक कार्ड लागते. ते नसेल तर एकेका फोटोला काही मिनिटे जातात. स्वस्त लॅपटॉपचा पडदा वेबवरच्या नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकीही पुष्कळ दाखवू शकत नाही आणि त्याची चमक पूर्ण ठेवली तर छापलेले फोटो काळपट येतात. हाती मोजके पैसे असतील तर ते महागड्या सॉफ्टवेअरऐवजी बऱ्या मॉनिटरवर घालवणे केव्हाही फायद्याचे.

मराठी वापरणाऱ्याला आणखी एक चाचणी करावी लागते. फोटोवर शुभेच्छा किंवा ठिकाणाचे नाव टाकायचे असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ‘हरिश्चंद्रगड’ आणि ‘वर्षा’ टाइप करून पाहावे. जोडाक्षर फुटले, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली किंवा रफार सुटा पडला तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नाही. गिम्पमध्ये हे बिनतक्रार होते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा किंवा ‘वर्ल्ड-रेडी’ हा पर्याय निवडावा लागतो. तो ठाऊक नसल्याने कित्येक जण मराठी मजकूर दुसरीकडे लिहून त्याचे चित्र चिकटवत बसतात. फ्लेक्सवाल्यांकडे आणि फोटो स्टुडिओंत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी हे भारतीय लिप्यांचे सॉफ्टवेअर इतकी वर्षे टिकले त्याचेही हे एक कारण.

संगणक विकणारा ‘टाकून देतो’ म्हणत जे चोरीचे फोटोशॉप घालून देतो, ते बेकायदा तर असतेच, शिवाय त्याला नव्या कॅमेऱ्यांची भर मिळत नाही आणि त्यासोबत काय घुसले आहे ते कळायला मार्ग नसतो. फुकट आणि रास्त पर्याय इतके असताना त्याचे समर्थन उरत नाही.

विकतची बहुतेक सॉफ्टवेअर काही दिवस वापरून पाहता येतात. त्या मुदतीत कंपनीचे नमुन्याचे फोटो उघडू नयेत. स्वतःचे वीसेक घ्यावेत: एक उजेडात फसलेला, एक अंधारातला, एक जवळच्या माणसाच्या चेहऱ्याचा, एक गणेशोत्सवातल्या निळ्या एलईडी दिव्यांचा, कारण त्या दिव्यांत एकच रंग भरून वाहतो आणि भल्याभल्या सॉफ्टवेअरची भंबेरी उडते. हेच वीस फोटो दोन सॉफ्टवेअरमध्ये निवडण्यापासून एक्स्पोर्टपर्यंत न्यावेत. मग फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवून काम सोबत आले का पाहावे. ज्याची निवड होईल त्यातही वर्षाच्या शेवटी त्या वर्षातले आवडते फोटो पूर्ण आकारात, जेपेग किंवा १६ बिटच्या टिफमध्ये काढून मूळ फाइलींशेजारी ठेवावेत, आणि दोन्हींची एक प्रत घराबाहेरच्या डिस्कवर.