‘मोसंबी’ हे नाव आले कुठून? आफ्रिकेतील देशाशी आहे जुने नाते

पारशिवनी : आठवडी बाजारात मोसंबीचा भाव विचारताना आपण एका देशाचे नाव घेत असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. तो देश म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक.

नाव इथवर कसे पोहोचले?
वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला येण्याआधी मोझांबिक बेटावर थांबला होता. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. त्यानंतर १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे. जहाजांच्या या ये-जा मध्ये ‘मोझांबिकचे फळ’ बोलीत ‘मोसंबी’ झाले, असे मानले जाते.

मग फळ मूळचे आफ्रिकेचे?
नाही. संत्रावर्गीय फळे मूळची आशियातील. मोसंबीच्या शास्त्रीय नावातील ‘सायनेन्सिस’ म्हणजे ‘चीनचे’. नाव सांगते ते प्रवासाचा रस्ता, जन्मगाव नव्हे.

इंग्रजीतही असेच?
हो. चिनी मातीच्या भांड्यांना इंग्रजीत ‘चायना’च म्हणतात. ‘टर्की’ हा पक्षी अमेरिकेतला, नाव मात्र तुर्कस्तानचे. गंमत म्हणजे, तुर्की भाषेत त्याच पक्ष्याला ‘हिंदी’, म्हणजे भारतातला, म्हणतात!

नावाला एवढे महत्त्व का?
कारण नावावर भाव ठरतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसरीकडचे संत्रे ‘नागपुरी’ म्हणून विकण्यास कायद्याने मनाई आहे. ‘मोसंबी’ हा शब्द मात्र कधीच साऱ्यांचा झाला. मोझांबिकला त्यावर हक्क सांगता येणार नाही.