मोजणारा गप्प झाला तर

सकाळी ९. मोबाइल नेटवर्कच्या कोअर विभागात रात्रपाळीकडून ताबा घेतला. शहर कामाला निघालं की एकेका फोनमागे चार यंत्रणा राबतात. सिम आपलं आहे का, त्याला कोणत्या सेवा द्यायच्या, हे एचएसएस सांगतं. वेग किती आणि प्राधान्य कशाला, हे पीसीआरएफ ठरवतं. गेटवे ते पाळतो. ओसीएस शिल्लक बघून डेटाचा कोटा देतं आणि वापराचा हिशेब ठेवतं.

९.४५. तक्रार आली: इंटरनेट ठीक, कॉलमध्ये आवाज तुटतो. ट्रेस उघडला. पीसीआरएफने आवाजासाठी वेगळा बेअरर, म्हणजे डेटाची स्वतंत्र वाट, मागितला होता: सेवेच्या दर्जाचा वर्ग क्यूसीआय १, विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद. साध्या इंटरनेटच्या क्यूसीआय ९ ला ३०० चालतात. नियम पोचला होता, बेअरर उभाच राहिला नव्हता. तिकीट गेटवेच्या टीमकडे. कामं वाटलेली असतात म्हणून दोष इतक्या लवकर सापडतो.

१२.३०. डबा खाताना नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, सगळं एकाच यंत्रात का नाही ठेवत?" २००० साली रेडियस या प्रोटोकॉलनेही परवानगी आरएफसी २८६५ मध्ये आणि हिशेब २८६६ मध्ये ठेवला होता, हे तिला सांगितलं. नव्या प्लॅनचा दर बदलायला दरवेळी गेटवेला हात लावावा लागला, तर चालू नेट धोक्यात येईल.

दुपारी ३. खरा वाद इथे. मध्यरात्री ओसीएस बदलायचं आहे. ते उत्तर देईना, तर गेटवेने काय करायचं? गेटवे आणि ओसीएस ज्यातून बोलतात त्या डायमीटर प्रोटोकॉलच्या क्रेडिट कंट्रोलमध्ये तीन पर्याय आहेत: तोडा, चालू ठेवा, किंवा दुसऱ्या सर्व्हरला विचारा आणि तोही गप्प राहिला तर तोडा. काहीच सांगितलं नसेल तर तोडा. बिलिंगवाल्यांना तोच हवा. फुकट गेलेला डेटा परत येत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ज्याने पैसे भरलेत, त्याची वाट आमचा मोजणारा गैरहजर म्हणून का अडवायची? रात्री दोनला रुग्ण घेऊन निघालेल्या माणसाचा नकाशा बंद पडतो. मी अडून बसले. शेवटी ठरलं: वेळेची आणि डेटाची मर्यादा घालून चालू ठेवायचं, तोवरचा वापर गेटवेने साठवायचा.

६.१५. लॅबमध्ये ओसीएसची लिंक तोडून पाहिली. सेशन टिकलं, लिंक आल्यावर साठलेला वापर कळवला गेला. बिलिंगच्या प्रमुखांनी चेंज रिक्वेस्ट मंजूर केली.